निवृत्तांच्या घराला गोदाम-क्लबचे कार्ड परवडते काय?

अमेरिकेत आणि कॅनडात ज्यांची मुले-मुली स्थायिक झाली आहेत असे बुजुर्ग आज आपल्या समाजात थोडेथोडके नाहीत. कोणी सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे असतात, कोणी तिकडचाच परवाना घेऊन कायमचे राहिले आहेत. या मंडळींकडून एका दुकानाचे वर्णन हमखास ऐकायला मिळते. विमानाच्या हँगरएवढी जागा, छतापर्यंत रचलेला माल, खोकी फोडून तशीच मांडलेली, आणि आत शिरण्याआधी दारावर कार्ड दाखवायचे. या कार्डाला दरवर्षी पैसे मोजावे लागतात! गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढावे म्हणून आपण चहा मागवतो, आणि हे लोक पायरी चढण्याचेच पैसे घेतात. असे असूनही तिथे रांग लागते.

या धंद्याला तिकडे ‘वेअरहाऊस क्लब’ म्हणतात. आम्ही त्याला गोदाम-क्लब म्हणू. कॉस्टको, सॅम्स क्लब आणि बीजेज ही तीन नावे प्रमुख. मिळकत थांबलेल्या, दोनच माणसांच्या घराने हे कार्ड घ्यावे की नाही, हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. त्याचे उत्तर हिशेबानेच द्यावे लागेल. पण त्याआधी या दुकानाचा नफा कुठून येतो ते पाहू, कारण व्यापारी वाचकांना खरा रस त्यातच असणार.

फी हाच नफा

या धंद्याचा जनक सोल प्राइस नावाचा अमेरिकन वकील. त्याने 1954 मध्ये फेडमार्ट ही दुकाने काढली. पुढे त्यातील मोठा हिस्सा एका जर्मन व्यापाऱ्याला विकला आणि थोड्याच दिवसांत स्वतः बाहेर फेकला गेला. 1976 मध्ये त्याने मुलाला बरोबर घेऊन सॅन डिएगो शहरात एका जुन्या विमान-कारखान्याच्या इमारतीत ‘प्राइस क्लब’ उघडला. वार्षिक फी होती 25 डॉलर. लक्षात घेण्याची गोष्ट ही की हा क्लब मुळात घरगुती गिऱ्हाइकांसाठी नव्हताच. लहान दुकानदार, खानावळवाले, कारागीर यांना ठोक भावाने माल मिळावा, त्यांनी रोख मोजावे आणि स्वतःच्या गाडीत घालून न्यावा, ही योजना होती. म्हणजे आपल्यासारख्यांसाठीच ते दुकान निघाले होते. तेवढ्यावर खप जमेना, म्हणून पुढे सरकारी नोकर व पतसंस्थांचे सभासद यांना दार उघडण्यात आले, आणि मग गर्दी झाली. 1983 मध्ये सिएटलला कॉस्टको आणि ओक्लाहोमा राज्यात सॅम वॉल्टनचा सॅम्स क्लब सुरू झाला. आपण सोल प्राइसच्या कल्पना उचलल्या, हे वॉल्टनने पुढे मोकळेपणाने कबूल केले. 1993 मध्ये प्राइस क्लब आणि कॉस्टको एक झाले.

आता आकडे पाहा. कॉस्टको बाहेरच्या कंपन्यांच्या मालावर खरेदीच्या वर साधारण 14 टक्के आणि स्वतःच्या ‘कर्कलंड’ छापाच्या मालावर 15 टक्के, यापेक्षा जास्त चढवत नाही. मोठ्या सुपरमार्केटात तीस-तीस हजार जातींचा माल असतो. इथे चार हजारांच्याही आत. चहाचे दहा छाप ठेवायचे नाहीत, एक-दोनच ठेवायचे, पण त्यांची उचल एवढी करायची की कारखानदाराला भाव खाली आणावाच लागेल. 2024 च्या आर्थिक वर्षात या एका कंपनीला सभासद-फीपोटी सुमारे 483 कोटी डॉलर मिळाले. त्याच वर्षीचा धंद्यातील नफा सुमारे 930 कोटी डॉलर होता. म्हणजे निम्म्याहून अधिक नफा कार्डाच्या पैशाएवढा. मालाच्या विक्रीतून जेमतेम दुकानाचा खर्च निघतो आणि वर थोडे उरते. त्यांचा खरा माल म्हणजे कार्ड. त्या वर्षी अमेरिका-कॅनडातील शंभरापैकी जवळजवळ त्र्याण्णव सभासदांनी कार्डाचे नूतनीकरण केले.

यातून एक गोष्ट उघड होते. दुकानाला तुमच्याकडून एका पाकिटामागे चार पैसे जास्त काढायचे नाहीत. त्याला हवे ते एवढेच, की वर्ष संपताना तुम्हाला फी वसूल झाल्यासारखी वाटली पाहिजे. ‘वाटली पाहिजे’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. वसूल होणे आणि वसूल झाल्यासारखे वाटणे यांत अंतर आहे, आणि म्हाताऱ्या जोडप्याचा तोटा नेमका त्या अंतरात होतो.

दोन माणसांचा हिशेब

कॉस्टकोची साध्या कार्डाची फी 1 सप्टेंबर 2024 पासून 60 वरून 65 डॉलर झाली. वरच्या दर्जाचे, ज्याला ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणतात ते कार्ड 120 वरून 130 झाले. बीजेजने 2025 च्या आरंभी साधे कार्ड 55 वरून 60 केले. सॅम्स क्लबने 2022 मध्ये 45 चे 50 केले होते. अमेरिकेत निवृत्त कामगाराला सोशल सिक्युरिटीचे सरासरी मासिक वेतन 2025 च्या सुरुवातीला दोन हजार डॉलरच्या थोडे खाली होते. त्या मानाने 65 डॉलर ही रक्कम जीवघेणी नव्हे. पण कार्ड घेतले म्हणजे खर्च संपत नाही, तो तिथून सुरू होतो.

समजा, जोडपे महिन्याला शंभर डॉलरचा, म्हणजे वर्षाला 1,200 डॉलरचा माल तिथून आणते. तोच माल शेजारच्या दुकानात 1,380 ला पडला असता असे धरू. वाचले 180. त्यातून फी 65 वजा केली की उरले 115. हिशेब चांगला दिसतो. आता त्याच मालापैकी दहावा हिस्सा वाया गेला असे धरा: भाजी सडली, पाव बुरसला, मसाल्याचा वास उडाला. 1,200 चा दहावा हिस्सा 120. झाला हिशेब उलटा, पदरचे पाच डॉलर गेले! आणि दहावा हिस्सा वाया जाणे ही काही अशक्य गोष्ट नव्हे. अमेरिकेच्या शेती खात्याच्याच अंदाजाप्रमाणे त्या देशातील अन्नाचा तीस ते चाळीस टक्के भाग वाया जातो.

पैशाचे सोडा, पण इसराफचे काय? आपल्या बुजुर्गांनी ताटातला दाणाही टाकला नाही. त्यांच्या शीतकपाटात पालकाची उशीएवढी पिशवी काळी पडत असेल तर 115 डॉलरची बचत सांगून त्यांचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

म्हणून मालाची निवड महत्त्वाची. जे नासत नाही ते आणावे: वीस पौंडांची, म्हणजे सुमारे नऊ किलोंची बासमतीची गोणी, डाळी, चहा, साबण, कपड्यांची पावडर, कागदी रुमाल, बॅटऱ्या. बदाम-पिस्ते चांगले मिळतात, पण ते बंद डब्यात घालून थंड जागी ठेवावेत, नाहीतर खवट होतात. खजूरही तसाच, रमज़ानच्या तोंडावर मोठे खोके परवडते. ऑलिव्ह तेलाची दोन लिटरची बाटली दोन माणसांना किती महिने पुरते ते आधी पाहावे. दूध, दही, पाव, कापलेली फळे ही मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातूनच आणावीत, तिथे चार आणे जास्त गेले तरी.

पेट्रोलचा मुद्दा सगळे पुढे करतात. क्लबच्या पंपावर भाव आसपासच्या पंपापेक्षा कमी असतो हे खरे. एका गॅलनमागे, म्हणजे पावणेचार लिटरमागे, वीस सेंट वाचतात असे धरले तर 65 डॉलर वसूल व्हायला 325 गॅलन जाळावे लागतील. रोज कामावर जाणारा मुलगा ते सहज जाळील. मशीद, दवाखाना आणि नातवाची शाळा एवढ्याच फेऱ्या असणाऱ्या निवृत्त माणसाला महिन्याला वीस गॅलन पुरतात, म्हणजे वर्षाला 240. त्यातून वाचले 48 डॉलर. त्यात पंप सात मैल दूर असेल तर तिथपर्यंत जाण्याचे पेट्रोलही मोजा.

जिथे खरोखर फायदा आहे

किराण्याची चर्चा पुष्कळ होते, पण निवृत्तांचा मोठा खर्च किराण्यावर नसतो. तो असतो कानावर, डोळ्यांवर, औषधांवर.

ऐकण्याच्या यंत्राचे उदाहरण घ्या. अमेरिकेतील सरकारी मेडिकेअर योजनेच्या मूळ भागातून या यंत्राचे पैसे मिळत नाहीत. खाजगी दवाखान्यात जोडीला कित्येक हजार डॉलर मोजावे लागतात. कॉस्टकोत 2024 मध्ये जोडी सुमारे दीड हजार डॉलरला मिळत होती आणि कानाची तपासणी सभासदाला फुकट होती. ज्याला हे यंत्र घ्यायचेच आहे त्याची अनेक वर्षांची फी एका खरेदीत निघाली. (2022 च्या ऑक्टोबरपासून तिकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवायही हलक्या बहिरेपणाची यंत्रे विकण्यास परवानगी आहे, तीही तुलनेला पाहावीत.) गाडीचे टायर हाही असाच एकरकमी फायद्याचा माल.

औषधांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती अनेकांना ठाऊकच नसते. कॉस्टकोच्या औषध-विभागातून डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध घ्यायला अमेरिकेत कार्ड लागत नाही. दारावर ‘औषधासाठी आलो’ एवढे सांगितले की पुरे. डोळे तपासून घ्यायलाही सभासदत्वाची अट नाही. चष्मा तिथेच करून घ्यायचा तर कार्ड हवे. केवळ बीपीच्या गोळ्या स्वस्त मिळतात म्हणून कार्ड घेणारे गृहस्थ विनाकारण पैसे देत आहेत.

एक्झिक्युटिव्ह कार्डाचेही गणित मांडून टाकू. त्यावर वर्षाच्या खरेदीचे दोन टक्के परत मिळतात. जादा 65 डॉलर वसूल व्हायचे तर वर्षाला 3,250 डॉलरची, म्हणजे महिना सुमारे 271 डॉलरची खरेदी हवी. मोठ्या एकत्र कुटुंबाला ते जमेल. दोघांच्या घराने विक्रेत्याच्या गोड बोलण्याला भुलू नये. काउंटरवर कार्ड तपासताना ‘तुम्ही वरचे कार्ड घ्या’ असा आग्रह हमखास होतो. तो नोकराच्या कामाचा भाग आहे, त्यावर रागावू नये, फक्त मान हलवावी.

मुलाच्याच घरी, एकाच पत्त्यावर राहणाऱ्या आई-वडिलांचा प्रश्न सोपा आहे. एका सभासदत्वावर दोन कार्डे मिळतात, दुसरे त्याच घरातील कोणाही प्रौढ माणसाला. शिवाय सभासदाबरोबर दोन पाहुणे आत जाऊ शकतात, पैसे मात्र सभासदाने मोजायचे. त्यांना वेगळे कार्ड घेण्याचे कारणच नाही. पण दुसऱ्या गावच्या भाच्याचे कार्ड खिशात घालून जाणे बरे नव्हे. 2024 पासून दारावर कार्ड यंत्रात घालून फोटो पाहतात म्हणून नव्हे. करारात ‘दुसऱ्याला देणार नाही’ असे लिहून दिलेले असते, आणि लेखी शब्दाला आपल्याकडे मोल आहे.

हलाल-हरामाच्या बाजू

आमच्या वाचकांना हा भाग वगळून चालणार नाही. तिथे भाजून ठेवलेली गरम कोंबडी फार स्वस्त, आणि पाव-सॉसेज अधिक थंड पेय दीड डॉलरला, तोही भाव 1980 च्या दशकापासून तसाच ठेवलेला. धंद्याच्या दृष्टीने हा दाराशी लावलेला गळ आहे. पण या दोन्ही वस्तू हलाल म्हणून विकल्या जात नाहीत. केवळ गोमांसाचे सॉसेज आहे म्हणून ते हलाल होत नाही. ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या कोकराच्या मांसाच्या पाकिटावर अनेकदा हलालचा शिक्का आढळतो. प्रत्येक पाकीट स्वतः पाहून घ्यावे. मासळीची अडचण नाही. जीवनसत्त्वांच्या मोठाल्या बाटल्यांतील मऊ गोळ्यांना जिलेटिनचे कवच असते. ते कोणत्या जनावराचे, हे लेबलावर लिहिलेले नसेल तर बाटली खाली ठेवावी. चारशे गोळ्यांची बाटली स्वस्त पडते म्हणून ती आपल्या कामाची होत नाही.

फीविषयी उलमांमध्ये एकमत नाही. पैसे देऊन घेतलेल्या सवलतीच्या कार्डावर काहींनी गररच्या कारणाने हरकत घेतली आहे: पैसे आज ठरले, बदल्यात काय आणि किती मिळणार हे मात्र अनिश्चित. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ही फी दुकानाच्या सेवेचे मोल आहे, सवलतीवर लावलेली पैज नव्हे. समाधान न झाल्यास कॉस्टको पूर्ण फी केव्हाही परत करते, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते, तरी फतवा देणे हे आमचे काम नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. परत मिळणारे दोन टक्के हे व्याज नसून खरेदीवरची सूट आहे, असे आम्हाला दिसते. क्लबच्या नावाचे बँकेचे क्रेडिट कार्ड ही मात्र निराळी चीज. महिनाअखेर रक्कम थकली की त्यावर सरळ सरळ व्याज चढते. रोख किंवा डेबिट कार्ड दोन्ही तिथे चालतात.

आपल्याकडे काय?

असा क्लब भारतात घरगुती गिऱ्हाइकांसाठी आला नाही. आला तो त्याचा पहिला, म्हणजे सोल प्राइसच्या मनातला अवतार. जर्मनीच्या मेट्रो कंपनीने 2003 मध्ये बंगळुरूला ‘कॅश अँड कॅरी’ उघडले. वॉलमार्टचे ‘बेस्ट प्राइस’ 2009 मध्ये अमृतसरला आले आणि पुढे महाराष्ट्रात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) व अमरावतीलाही. परदेशी भांडवलाला ठोक व्यापारात पूर्ण मुभा होती, किरकोळीत नव्हती. म्हणून कार्ड फुकट, पण दुकानाचा परवाना किंवा कर-नोंदणी दाखविल्याशिवाय मिळायचे नाही. पुढे बेस्ट प्राइस 2020 मध्ये फ्लिपकार्टकडे आणि मेट्रोचा भारतातील कारभार 2023 मध्ये रिलायन्सकडे गेला. इंग्लंडमध्येही कार्डाने अशीच कायद्याची रेघ ओढली होती. 1993 मध्ये थरॉक येथे कॉस्टको येत असताना तिथल्या सुपरमार्केट कंपन्या कोर्टात गेल्या. हे सर्वांना खुले नाही, म्हणून हे नेहमीचे किरकोळ दुकान नव्हे, असे ठरले आणि त्या हरल्या. आजही तिथे व्यापारी किंवा ठराविक पेशातील लोकांनाच कार्ड मिळते. त्या पेशांतून निवृत्त झालेल्यांनाही मिळते, हे तिकडच्या नातेवाइकांना कळवावे.

आपल्याकडच्या निवृत्तांसाठी याच कल्पनेचे देशी रूप जुनेच आहे. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल ठोकाने आणते आणि सभासदच तो वाटून घेतात. नफ्याचा हिस्सा नाही, दुकानाचे भाडे नाही. आमच्या मोहल्ल्यांत जमातखाने आहेत, अंगणे आहेत, हिशेब ठेवू शकणारे रिकामे बुजुर्गही आहेत. (आपल्या कारागिराला निवृत्ती अशी नसतेच, हात थरथरू लागले की तो माग सोडतो, एवढेच.) रमज़ानच्या महिनाभर आधी दहा घरांनी तांदूळ, तेल, साखर, बेसन, खजूर यांची एकत्र यादी केली तर ठोक बाजारात त्यांना दुकानदाराचाच भाव मिळेल. किराणा दुकानदार बांधवांनी यात आपले नुकसान आहे असे समजू नये. अशा दहा घरांची यादी आगाऊ घेऊन, रोखीने, थोड्या नफ्यावर माल देणारा दुकानदार उधारीच्या वहीतून सुटतो. सोल प्राइसनेही रोख आणि मोठी उचल याशिवाय वेगळे काय केले?

परदेशातल्या जोडप्यालाही हाच उपाय लागू पडतो. एकाच इमारतीत किंवा एकाच मशिदीच्या आसपास राहणाऱ्या तीन निवृत्त घरांपैकी एकाने कार्ड घ्यावे, बाकीच्यांनी पाहुणे म्हणून बरोबर जावे, पैसे सभासदाने मोजावे आणि घरी येऊन वाटणी करावी. यात करारभंग नाही. फीचाही तिसरा हिस्सा प्रत्येकाने दिला तर डोईला वर्षाला 22 डॉलरही पडत नाहीत. नऊ किलो तांदळाला तराजू लागेल. पाच डझन अंड्यांना तोही नको, प्रत्येक घरी बरोबर वीस.